जावईबापूंना निळं चावलं

"यात अवघड काय आहे? लाकूडच तर आहे!"

हितेंद्र महाजनने जेवताजेवता हे वाक्य उच्चारलं आणि रूपालीची पोळी तव्यावरच करपली. नवऱ्याचं हे वाक्य तिने आजवर अनेक रूपांत ऐकलं होतं. "नळच तर आहे!" म्हणाला, तेव्हा बाथरूमची भिंत फोडावी लागली. "मिक्सरच तर आहे!" म्हणाला, तेव्हा नवा मिक्सर आणावा लागला. आता पाळी गिटारची होती.

हितेंद्र जळगावात एका पतसंस्थेत नोकरीला. दिवसभर लोकांच्या ठेवी सांभाळायचा आणि संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. वाजवायचा बरा, हे मान्य केलं पाहिजे. पण गिटार जुनी, कोणाकडून तरी घेतलेली, आणि तिचा काळा रंग जागोजागी उडालेला. खाज सुटलेल्या म्हशीसारखी दिसायची बिचारी!

त्यात रूपालीच्या भावाचं, तेजसचं लग्न ठरलं. मुलगी धुळ्याची, नूतन नावाची. तेजसने फोन करून सांगितलं, "भाऊजी, हळदीला डीजे नको. तुम्हीच वाजवा!" हितेंद्र फोनवरच हवेत तरंगायला लागला. कारण हळद होती सासुरवाडीला, एरंडोलजवळच्या गावी, आणि तिथे होते सासरे जीवराम नाना. नानांना जावयाची गिटार कधी गिटार वाटलीच नाही. "तुमनं ते फावडं घरीच ठेवा, जवाईबापू," असं ते प्रत्येक दिवाळीला म्हणायचे. त्या नानांच्या अंगणात, साऱ्या भाऊबंदांसमोर, चकाकती निळी गिटार घेऊन उभं राहायचं! नानांच्या तोंडून एकदा तरी 'वा' निघालं पाहिजे!

"नुसता रंग फासायचा नाही," हितेंद्र रूपालीला समजावू लागला. "सगळा जुना रंग काढायचा. लाकूड उघडं करायचं. मग त्यात निळा रंग मुरवायचा, म्हणजे लाकडाच्या रेषा आतून दिसतात. वरून लॅकर. काचेसारखी चकाकी! मी व्हिडिओ पाहिलेत."

"नळाचाही पाहिला होतात," रूपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गिटारच्या तारा, मान, बटणं सगळं सुटं झालं आणि उरलेलं लाकडी धड बाल्कनीत पॉलिश पेपरखाली आलं. हितेंद्र घासत सुटला. काळी भुकटी उडाली ती थेट शेजारच्या कुंदाबाईंच्या दोरीवर. कुंदाबाईंच्या पांढऱ्या चादरी अशा झाल्या, जणू त्यांच्याकडे कोळशाची वखार आहे! कुंदाबाई दारात येऊन बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. रूपालीने मात्र एकच वाक्य सुनावलं, "आता एक थेंब रंग या घरात सांडला, तर तुम्ही आणि तुमची ही ओंडकी दोघं बाहेर!"

"ठीक आहे," हितेंद्र म्हणाला. "सासुरवाडीला रंगवतो. तिथे मोकळी हवा आहे."

नासीरभाईंच्या दुकानातून त्याने स्पिरिटमधला निळा रंग, लाकडाची छिद्रं बुजवणारं सीलर आणि लॅकर घेतलं. नासीरभाईंचा आयुष्यभराचा धंदा फर्निचर पॉलिशचा. त्यांना निळं लाकूड ही कल्पनाच सहन होईना.

"भाऊ, शादी का माल आहे ना? मेहरून मारा, गहरा लाल! रिच वाटते."

"गिटार आहे, नासीरभाई. सोफा नाही."

"सोफाच समजा ना! नीला कोण मारतो? पंप हाऊसचा दरवाजा नीला असतो!"

पण हितेंद्रला समुद्र हवा होता. जळगावला समुद्र नाही, एरंडोलला तर नाहीच. म्हणूनच हवा होता.

दिवाळी नुकतीच सरली होती आणि गावात कापूसवेचणीची घाई चाललेली. हितेंद्र आणि रूपाली पोचले तेव्हा घरात धावपळ होती. रूपाली तेजसला घेऊन लगेच बस्त्याच्या खरेदीला एरंडोलला गेली. सासूबाई बेबाबाई, ज्यांना सारं गाव अक्का म्हणतं, वेचणाऱ्या बायांबरोबर शेतात. नाना ट्रॅक्टर घेऊन त्यांच्यामागे. जाताना नानांनी फक्त विचारलं, "हाई पाट कसाले आना?"

"पाट नाही नाना, गिटार आहे."

नानांनी त्या उघड्या लाकडाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि जास्त केविलवाणं कोण हे न ठरवता निघून गेले.

घरामागे एक रिकामी, कोंदट, छोट्या खिडकीची खोली होती. वारा नाही, धूळ नाही. लॅकर मारायला अशीच जागा लागते, हे हितेंद्रला व्हिडिओमुळे ठाऊक होतं. ही खोली रिकामी कशासाठी ठेवली असेल, हा प्रश्न त्याला पडला नाही.

त्याने हातमोजे घातले. पहिल्याच झटक्यात ते फाटले. "हातच तर आहेत!" असं म्हणून त्याने चिंधी निळ्या रंगात बुडवली आणि लाकडावर फिरवली.

आणि खरोखर, काय सांगावं! लाकडाने रंग असा ओढून घेतला जसा वैशाखातला माणूस माठातलं पाणी ओढतो. आतल्या रेषा लाटांसारख्या उमटल्या. मध्ये फिकट, कडेला गडद. हितेंद्रचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आयुष्यात पहिल्यांदाच व्हिडिओत दिसलं तसंच्या तसं समोर घडत होतं! तो इतका हरखला की त्याने घामेजलेलं तोंड पुसलं, नाक पुसलं, ओठांवरून हात फिरवला. मग रंग वाळण्याची वाट पाहायची सोडून सीलर मारलं, सीलर वाळायची वाट न पाहता लॅकर मारलं. डब्यावर 'पूर्ण सुकू द्यावे' असं छापलं होतं. पण उत्साही माणूस डब्याशी हुज्जत घालत नाही. शेवटी तारेच्या आकड्याने ते धड त्याने आढ्याला टांगलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन ओट्यावर बसला.

बंद खोलीत लॅकरमधल्या थिनरचा वास इतका वेळ नाकात गेला होता की ओटा हळूहळू होडीसारखा डुलू लागला. डोळे लाल झाले होते. जीभ जड झाली होती.

नेमक्या त्याच वेळी अक्का शेतातून परतल्या. मागे वेचणाऱ्या बाया, त्यामागे कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली घेऊन नाना. अक्कांनी ओट्याकडे पाहिलं. जावई. हात कोपरापर्यंत निळे. ओठ निळे. डोळे तांबडे. आणि माणूस बसल्या जागी झुलतोय.

अक्कांनी डोक्यावरचं गाठोडं फेकलं आणि अशी किंकाळी फोडली की शेजारची बैलजोडी दावं तोडून पळाली.

"जवाईले साप चावना वं माय!"

"नाही नाही," हितेंद्र जड जिभेने म्हणाला, "अक्का, रंग... रंग..."

"रंग बदली ऱ्हायना, दखा!" एक बाई ओरडली.

सारं गाव जमलं. सर्वांत पुढे लोटनभाऊ. गावात साप, मोटार, कोर्ट आणि बायपास या चारही विषयांवर लोटनभाऊंचा शब्द अखेरचा. त्यांनी हितेंद्रची पापणी उलटी करून पाहिली, मान हलवली आणि कडुनिंबाचा पाला मागवला. "निंबना पाला खावाडा! कडू लागना तं वाची गया. गोड लागना तं खरंच चावना!"

अक्कांनी रडतरडत स्वतःच्या हाताने मूठभर पाला जावयाच्या तोंडात कोंबला. "जवाईबापू, सांगा हो, कडू लागस का गोड?"

आता हितेंद्रच्या आईने त्याला लग्नाआधी एकच गोष्ट शिकवली होती: सासुरवाडीला ताटात काहीही येवो, नाव ठेवायचं नाही. आणि गेली सगळी वर्षं तो सासूबाईंच्या हातचं खाऊन एकच शब्द बोलत आला होता. पाला कडूजहर होता, डोळ्यांतून पाणी आलं, पण जीभ सवयीने वळली.

"छान झालंय," हितेंद्र म्हणाला.

बायांनी हंबरडाच फोडला!

"ट्रॉली खाली करा!" नाना गरजले. "एरंडोलले नेऊत! बठ्ठा कापूस मागली खोलीमां टाका, लवकर!"

हितेंद्रची धुंदी खाडकन उतरली. ती खोली रिकामी का होती, हे त्याला आत्ता कळलं. "नको! त्या खोलीत नको!" पाला थुंकत तो ओरडला. "तिथं ती लटकलीय! ओली आहे!"

"कोन लटकनी?" नाना थबकले.

"माझी... समुद्रासारखी..."

लोटनभाऊंनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, झहर मेंदूमां चढनं. आते उशीर करू नका."

वीस हात एकदम लागले. खिडकीतून, दारातून, अंधाऱ्या खोलीत गाठोड्यांमागून गाठोडी रिकामी झाली. हितेंद्र उठून धावायला गेला, तर चौघांनी त्याला धरलं, कारण साप चावलेल्या माणसाने चालू नये. मग त्याला ट्रॉलीत उरलेल्या कापसावर निजवलं आणि ट्रॅक्टर सुटला. अर्ध्या वाटेत समोरून बस्त्याच्या पिशव्या घेऊन येणारी रूपाली आणि तेजस भेटले. रूपालीने ट्रॉलीत डोकावून पाहिलं, नवऱ्याचे निळे हात पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, हा तर रंग आहे!"

"पोरीलेबी झटका बसना," लोटनभाऊ हळहळले. तिलाही ट्रॉलीत घेतलं.

एरंडोलच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि शांत होत्या. त्यांनी पाय तपासले, हात तपासले, दाताची खूण कुठेच नाही. मग त्यांनी नाक जवळ नेऊन वास घेतला. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हितेंद्रच्या मनगटावरून फिरवला. बोळा निळा झाला आणि मनगटाचा पट्टा गोरा!

"हा साप पुसल्यावर जातो," त्या म्हणाल्या. "मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या. आणि पुन्हा दार लावून थिनर हुंगू नका."

ट्रॉलीतून आलेली मंडळी एकेक करून दाराकडे सरकू लागली. फक्त लोटनभाऊ म्हणाले, "मी तं पहिलेच म्हने, साप नही शे!"

नाना एक शब्द बोलले नाहीत. जीवराम नाना रागावले की ओरडत नसत, मुके होत. लहान राग असला की जेवणापुरते मुके. हा राग मात्र मोठा होता. परतीच्या वाटेवर ट्रॅक्टरसुद्धा दबकत चालल्यासारखा वाटत होता.

खोलीतला कापूस उपसायला सगळं घर लागलं. आधी पांढरा निघाला, मग फिकट निळा, मग गडद निळा, आणि आकड्यावरून निसटून सर्वांत खाली गेलेलं जे हाती लागलं ते पाहून तेजसने विचारलं, "भाऊजी, ही मेंढी कोणाची?"

ती गिटार होती! ओल्या लॅकरने कापूस असा धरून ठेवला होता की लाकूड दिसेना. चारी बाजूंनी फुगलेली, गुबगुबीत, निळी. लॅकर वाळून सगळं घट्ट झालं होतं. हितेंद्रने एक बोंड ओढलं. अर्धं हातात आलं, अर्धं समुद्रात राहिलं.

अक्कांनी निळा झालेला कापूस वेगळा काढून अंगणात बाजेवर पसरला. इथेच दुसरं प्रकरण उभं राहिलं. साप चावलेल्या जावयाची खबर घ्यायला पंचक्रोशीतले लोक येऊ लागले. आले ते जावयाला विसरले आणि बाजेभोवती उभे राहिले.

"नाना, हाई कोनतं वाण शे?"

नाना मुके.

"बियानं गुजरातमधून आनं का?"

नाना आणखी मुके. लोकांनी ओळखलं, माणूस गुपित लपवतोय! लोटनभाऊंनी तर छातीठोक सांगून टाकलं, "झाडवरच निळा येस! त्यानी थेट जीन पँट शिवतंस, रंगाडानं कामच नही!" दुसऱ्या दिवशी सोनगीरहून जीप भरून माणसं आली. साक्रीकडचा एक जण तर नानांच्या पायांशीच बसला, "नाना, मूठभर तरी बी द्या!" खरं सांगावं तर जावयाचा पराक्रम चव्हाट्यावर येणार, न सांगावं तर खोटेपणा. शेवटी अक्काच चिडल्या. त्यांनी सगळा निळा कापूस गोळा केला, दोन लोड भरून टाकले, वर पांढरी खोळ चढवली आणि जमलेल्या लोकांना सुनावलं, "जवाईनं सांडेल शे! जा आते घर!" बाकीचा पांढरा कापूस व्यापाऱ्याने निमूट नेला, तेव्हा कुठे हितेंद्रच्या घशाखाली घास उतरला.

नानांचा राग मात्र उतरेना. ताटावर बसलं की ते जावयाकडे न पाहता रूपालीला सांगत, "त्यासले भाजी वाढ."

हळद तोंडावर आली. हितेंद्रने गिटारवरचा कापूस कंगव्याने विंचरला, वस्तऱ्याने तासला, शेवटी पुन्हा पॉलिश पेपर घेतला. लॅकर गेलं, थोडा निळाही गेला, आणि जिथे तंतू रुतले होते तिथे पांढुरके डाग राहिले. नव्याने लॅकर मारायला ना वेळ होता, ना नानांच्या घरात हिंमत. तशाच उघड्या लाकडावर त्याने मान बसवली, तारा ओढल्या.

"राहू दे," तो खचून म्हणाला. "डीजे सांग."

रूपाली त्याच्यासमोर बसली. तिने गिटारवरून बोट फिरवलं. "आभाळात ढग आल्यासारखे दिसतात," ती म्हणाली. "आणि माझा भाऊ रंग ऐकायला बोलावत नाहीये. वाजवा तुम्ही."

आणि हितेंद्रने वाजवलं! मांडवात अशी वाजवली की म्हाताऱ्या बाया पदर खोचून उठल्या. वेचणीच्या बायांनी फेर धरला. लोटनभाऊ एकटेच तिघांची जागा अडवून नाचले. मांडवाच्या खांबाशी बसलेल्या नानांचा पाय ठेक्यावर हलतोय, हे हितेंद्रने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. तो घामाने निथळला, गिटार छातीशी घट्ट धरून वाजवत राहिला. उघडा निळा रंग घामात विरघळतोय, पांढऱ्या झब्ब्यात उतरतोय, हे त्याला कळलं नाही.

गाणं संपलं. नखशिखान्त हळदीने माखलेला तेजस पाटावरून उठला, "भाऊजी!" म्हणत धावला आणि त्याने हितेंद्रला कडकडून मिठी मारली. वर गालाला गाल घासला.

पिवळ्यात निळा मिसळला की काय होतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेजस बाजूला झाला तेव्हा नवरदेव पोपटी झाला होता! छाती हिरवी, दंड हिरवे, एक गाल तर अगदी कच्च्या केळ्यासारखा!

मांडवातल्या बायांनी तोंडाला पदर लावले. लोटनभाऊंनीच तोंड उघडलं, "मंग धुळाले उष्टी हळद कोनती धाडानी? पिवळी का हिरवी?"

दुर्दैव असं की त्याच क्षणी तेजसचा फोन वाजला. धुळ्याहून व्हिडिओ कॉल! रूपालीच्या मैत्रिणीने काही न कळता तो उचलला आणि पोपटी नवरदेवासमोर धरला. पलीकडे नूतन, तिच्यामागे मावश्या, आत्या, काकू, सगळ्यांची तोंडं उघडी. एक मावशी खाली बसली. हितेंद्रला वाटलं, खरा साप चावला असता तर बरं झालं असतं. लग्न मोडलं तर ते आपल्यामुळे, एका लाकडामुळे!

नूतनने फोन जवळ घेतला. नवऱ्याला नीट न्याहाळलं. मग आपला हात वर केला. मनगटभर हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "चुड्याला मॅचिंग झालं!"

आधी तिकडे हशा फुटला, मग इकडे. अक्का डोळे पुसतपुसत हसल्या. खांबाशी बसलेले नाना तोंडावर उपरणं धरून असे हलत होते की पाठीमागचा खांबही हलला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला लग्न लागलं. तेजस रॉकेलने घासून बऱ्यापैकी माणसांत आला होता. हितेंद्रच्या हातांत मात्र घामाबरोबर निळा असा मुरला होता की रॉकेलनेच काय, स्पिरिटनेही निघेना. म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि दिवसभर तसाच उभा राहिला. अक्षता टाकल्या त्याही रूपालीने, दोघांच्या वाट्याच्या. पंगतीत सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यात बसला. फोटोत मान खाली.

निघताना नूतनचे काका, अभिमन आबा, नानांजवळ आले. "व्याही," ते म्हणाले, "तुमचे मोठे जावई पाहिले. एवढे वाजवतात, पण काय नम्र माणूस! दिवसभर हात बांधून उभे. असा जावई नशिबाने मिळतो."

हितेंद्र कान देऊन उभा राहिला. इतक्या दिवसांत नाना त्याच्याविषयी भाजीपलीकडे एक अक्षर बोलले नव्हते. नानांनी उपरणं सारखं केलं, जावयाकडे एकवार पाहिलं.

"हां," नाना म्हणाले, "मना जवाई भलता गुनी शे. वाजाडस तं वा! आयकतच ऱ्हावं."

झालं! तो 'वा' कानावर पडला आणि हितेंद्रचे डोळे भरून आले. त्याला राहवेना. चार पावलं पुढे येऊन, धुळ्याच्या साऱ्या वऱ्हाडासमोर, त्याने मनोभावे दोन्ही हात जोडले.